ह्यो करतोय काय?

आत्याबाई जतहून आल्या, त्यांनी देव मांडले, ओट्यावरचे डबे स्वतःच्या हाताला येतील असे खाली आणले आणि मग त्यांचं लक्ष बडीकडे गेलं. दुपारची वेळ होती. बडी हॉलच्या बरोब्बर मध्ये, पंख्याखाली, मागचे पाय फाकवून पोट फरशीला चिकटवून पडला होता. लॅब्रॅडॉरनं अशी बैठक मारली की नेरूळच्या फ्लॅटचा हॉल तिथंच संपतो. टीव्हीपर्यंत जायचं तर त्याला ओलांडून जावं लागतं. आत्याबाई लसूण सोलत होत्या. पायाच्या अंगठ्यानं त्यांनी त्याच्या बरगडीला हळूच ढोसलं. त्यानं शेपटी एकदा आपटली, डोळा काही उघडला नाही. "अगं, ह्यो करतोय काय?" "झोपलाय." "त्ये दिसतंय मला. काम काय करतोय म्हणते मी. राखणीला म्हणावं तर काल गॅसवाल्याची बोटं चाटत बसला हुता. त्यानं मिक्सर उचलून न्हेला असता तर ह्यो जिन्यापतूर सोडायला गेला असता."

मला हसू आलं. त्यांना नाही.

सासूबाईंना आमच्याकडे सगळे आत्याबाईच म्हणतात, आणि त्यांचा प्रश्न टोमण्याचा नव्हता, म्हणूनच तो माझ्या डोक्यात राहिला. बडीबद्दल लोक खूप काही विचारतात. कितीला पडला, ओरिजिनल आहे का, चावतो का, व्हेज खातो का. लिफ्टमधल्या एका बाईंनी एकदा "सेकंडहँड आहे ना हा?" असंही विचारलं होतं, आणि उत्तर ऐकून सहानुभूतीनं माझ्याकडे पाहिलं होतं. पण त्याचं काम काय, हे कुणी विचारलं नव्हतं. शहरात कुत्र्याला काम नसतं, हे आपण गृहीत धरलेलं असतं. आत्याबाईंच्या जगात बैलाला, मांजराला, कोंबडीला, म्हाताऱ्या माणसालासुद्धा काही ना काही काम असतं. ज्याला नाही तो पाहुणा. आणि पाहुणा एवढे दिवस राहत नाही.

त्यांच्या वडिलांकडे कारवानी कुत्री होती. ती आठवण निघाली की आत्याबाईंचा आवाज बदलतो. उंच, लांब मानेची, खोल छातीची आणि कंबरेला नसल्यासारखी बारीक. जतच्या माळावर सावलीला झाड नाही, लपायला झुडूप नाही, तिथं डोळ्यांनी बघून पळणारं कुत्रं लागतं. कारवानी वास काढत बसत नाही. लांबवर ससा हलला की तिचं अंग ताठ होतं आणि हातातला पट्टा सुटायच्या आत ती निघालेली असते. "दादा म्हणायचे, सश्याच्या मागनं आपुन बी पळायचं. न्हाईतर तिथं पोचूस्तवर कान तेवढं ऱ्हात्यात." कुत्रं धरणार, कुत्रंच मारणार, माणसानं फक्त धापा टाकत मागून जायचं. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यानंतरही माळावर काय चालायचं याबद्दल आत्याबाई फार खोलात जात नाहीत. "तवा चालायचं," एवढं म्हणून लसणाकडे वळतात. त्या कुत्र्यांना ताकात कुस्करलेली भाकरी मिळायची आणि उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायची सोय नव्हती. तरी त्यांची नावं, त्यांचे रंग, कुठली कुणाची पिल्लं, हे आजही त्यांना तोंडपाठ आहे. चुलत दिरांच्या मुलांची नावं मात्र चुकतात.

तर अशा बाईला मी बडीचं काम समजावून सांगायला बसले. रात्रीची जेवणं झाली होती, आणि बडी आमच्या दोघींच्या पायावर निम्मा-निम्मा रेलला होता. सांगितलं की ह्याचे पूर्वज न्यूफाउंडलंडचे. कॅनडाच्या पूर्वेला, बर्फाळ समुद्राच्या काठी. तिथले कोळी यांना होडीत घेऊन जायचे. गळातून सुटलेला मासा उडी मारून धरायचा, पाण्यात सुटलेला दोर ओढून आणायचा, असं काम. म्हणून ह्याचे केस दुहेरी, आतले लोकरी आणि वरचे तेलकट, पाणी आत शिरत नाही. म्हणून बोटांमध्ये पडदे, आणि म्हणून पाणमांजराची असते तशी बुडाशी जाड शेपटी, पोहताना दिशा द्यायला. एकोणिसाव्या शतकात ही कुत्री इंग्लंड-स्कॉटलंडातल्या जमीनदारांच्या हाती लागली. त्यांना माशांशी देणंघेणं नव्हतं, त्यांना शिकारीची हौस होती. साहेब बंदुकीनं बदक पाडणार, बदक पडणार तळ्याच्या पलीकडे, आणि हा पोहत जाऊन ते घेऊन येणार. 1903 मध्ये तिथल्या केनेल क्लबनं लॅब्रॅडॉरला वेगळी जात म्हणून मान्यता दिली. गोल्डन रिट्रीव्हरही असाच, स्कॉटलंडच्या डोंगरातला. लॉर्ड ट्वीडमाउथ नावाच्या गृहस्थानं 1868 च्या सुमारास पाणकुत्र्यांशी संकर करून ती जात सुरू केली. शिवाय पॉइंटर असतो, त्यानं पक्ष्याचा वास लागला की एक पाय उचलून जागच्या जागी थिजायचं. स्पॅनियल असतो, त्यानं झुडपात घुसून पक्षी उठवायचा. आत्याबाईंनी सगळं शांतपणे ऐकलं. "म्हंजे एकानं दावायचं, एकानं उठवायचं, एकानं आणायचं. आन साहेबानं काय करायचं?" "बंदूक झाडायची." "लई कष्ट," त्या म्हणाल्या.

पण एक गोष्ट त्यांना पटली नाही. मी म्हटलं, बदक हा खात नाही, चावतही नाही. तोंडात अलगद धरून आणतो आणि हातात देतो. त्या बडीच्या जबड्याकडे बघत राहिल्या. कुत्र्याच्या तोंडात मांस आणि ते तो न खाता दुसऱ्याला देणार, हे त्यांच्या आयुष्यभराच्या अनुभवाच्या विरुद्ध होतं. मला मात्र त्याचा पुरावा रोज मिळतो, आणि तोही दुसऱ्यांच्या चपलांच्या रूपात. आमच्या मजल्यावर प्रत्येक दाराबाहेर शू रॅक आहे. दार चुकून उघडं राहिलं की बडी बाहेर जातो आणि एक चप्पल घेऊन येतो. जोडी कधीच नाही, एकच. समोरच्या काकूंची मऊ स्लीपर, कोपऱ्यातल्या मुलाचा फुटबॉलचा बूट, एकदा तर सत्यनारायणाच्या पूजेला आलेल्या गुरुजींची वहाण. घरी कुणी आलं की त्याच्या स्वागताला तोंडात काहीतरी हवंच. काही सापडलं नाही तर स्वतःचं पांघरूण ओढत आणतो, तेही नसलं तर मोकळ्या तोंडानं येताना त्याला चक्क लाज वाटते. त्याच्या तोंडात गेलेली वस्तू ओली होते, फाटत नाही. मी साऱ्या मजल्याच्या चपला पुसून परत केल्या आहेत, दाताची एक खूण कधी दिसली नाही. समोरच्या काकू आता दार वाजवून हसत विचारतात, "आज माझी आली का?"

कामाचाच मुद्दा होता म्हणून मी जंजीरचंही सांगितलं. 1993 च्या बॉम्बस्फोटांच्या वेळी मुंबई पोलिसांकडे असलेला लॅब्रॅडॉर. त्याच्या नाकानं 3,329 किलो आरडीएक्स, 600 डिटोनेटर आणि 249 हातबॉम्ब शोधून दिले, असं पोलिसांच्या नोंदीत आहे. 2000 साली तो गेला तेव्हा त्याला मानवंदना दिली गेली, त्याच्यावर फुलं वाहणाऱ्या अधिकाऱ्याचा फोटो अजून फिरत असतो. त्याचं काम तरी काय होतं? शोधायचं आणि माणसाला सांगायचं. बदकाच्या जागी बॉम्ब, एवढाच फरक. आत्याबाईंनी बडीच्या नाकावर बोट ठेवलं. ओलं, गार नाक. "मग ह्येला बी घाला की पोलिसात." बडीनं बोट चाटलं. बोटाला लसणीचा वास होता.

पोलिसात त्याला कुणी घेणार नाही. कारण हा बंदुकीच्या आवाजासाठी घडवलेल्या जातीचा कुत्रा सुतळी बॉम्ब वाजला की बाथरूममध्ये जाऊन बादलीमागे डोकं खुपसतो. ही गोष्ट मला तो घरी येण्याआधीच माहीत होती, कारण ती यादीत होती.

यादीची गोष्ट अशी. बडी पाच वर्षांचा होईपर्यंत ठाण्याला, नौपाड्यात राहिला. काका निवृत्त, एकटे, जुन्या तीन मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. इमारत रिडेव्हलपमेंटला गेली. ठाणेकरांना यापुढचं सांगायला नको. भाडं बिल्डर देतो, पण घर आपलं आपण शोधायचं, आणि ज्या घरमालकाला काकांचं पेन्शन, वय आणि शाकाहार सगळं पसंत पडे तोही "कुत्रा चालणार नाही" म्हणे. इमारत रिकामी करायची तारीख जवळ आली तसा एका व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरू लागला. अर्जंट अडॉप्शन, लॅब, मेल, व्हॅक्सिनेटेड, व्हेरी फ्रेंडली, खाली फोटो. फोटोत मागे अर्धी बांधलेली खोकी दिसत होती आणि बडीच्या तोंडात एक पायमोजा होता. आम्ही न्यायला गेलो तेव्हा काकांनी चहा केला, त्याचा स्टीलचा वाडगा, टॉवेल, लसीकरणाची फाईल पिशवीत भरून दिली आणि वर फुलस्केप कागद. टपोरं, बँकेतलं अक्षर. "1. विजा कडाडल्या अथवा फटाके वाजले की बाथरूममध्ये जातो. दार लावू नये, दिवा लावावा. 2. नऊ वाजता दूधभात मागेल. दिलेला नाही असे भासवेल. देऊ नये. 3. उजवा कान पावसाळ्यात खाजतो. 4. मी घराबाहेर पडताना 'येतो हां' म्हणत असे. न म्हणता गेल्यास दारात बसून राहतो." अशी बरीच कलमं होती. सगळ्यात शेवटी, वेगळ्या शाईत, "गणपतीत उकडीचा मोदक एक. हा अपवाद."

ती यादी फ्रिजवर लावली आहे. दुसरं कलम तर मला पाठ आहे, कारण तो खरंच भासवतो. पोटात दगड गेला असेल अशा जडपणानं बसलेला कुत्रा, वाडगा नाकानं ढकलत, आजन्म उपाशी असल्याचा चेहरा करतो. 2016 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी यामागचं एक कारण शोधलं. भूक आणि पोट भरल्याची जाणीव यांच्याशी संबंधित पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा साधारण दर चौथ्या लॅब्रॅडॉरमध्ये गळालेला असतो, आणि अशी कुत्री अन्नाच्या जास्त मागे लागतात. मी हे वाचून काकांना फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, "अहो, मग मी त्याला पाच वर्षं उगाच रागावलो की!" आणि मग बराच वेळ दुसरंच काहीतरी बोलत राहिले.

दुसऱ्याच्या घरचा कुत्रा आणण्यात हे एक असतं. पिल्लू आणलं तर त्याच्या सवयी आपण लावतो. मोठा कुत्रा येतो तो एका माणसाचं अख्खं घर घेऊन येतो. काका संध्याकाळी सातच्या बातम्या बघत असणार, हे आम्हाला बडीवरून कळलं. सात वाजले की तो टीव्हीसमोर बसतो, आम्ही लावू अथवा न लावू. आमच्या घरात कुणी चप्पल घालून आत आलं तर तो अस्वस्थ होतो. पोळीचा पहिला तुकडा त्याला जमिनीवर टाकलेला चालत नाही, हातातून हवा. सुरुवातीला मला हे खटकायचं. माझ्याकडे बघताना तो माझ्या पलीकडच्या कुणाकडे तरी बघतोय असं वाटायचं. आता मला ते आवडतं, असंही म्हणवत नाही. सवय झाली आहे आणि कधीकधी सात वाजता मीच बातम्या लावते.

काली मात्र यादीशिवाय आली.

उलव्यात विमानतळाच्या बाजूला जी बांधकामं चालली होती, त्यातल्या एका साईटवरची ती. अशा साईटवर मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या असतात, चूल असते आणि दोन-चार कुत्री असतातच. इमारत पूर्ण झाली की कामगार दुसऱ्या साईटवर जातात, पत्रे निघतात, वॉचमन बदलतो आणि कुत्र्यांना कुणी सांगत नाही. ती नव्या सोसायटीच्या गेटवर बसून राहतात, जिथं त्यांच्या डोळ्यांदेखत भिंत उभी राहिली त्याच गेटवर, आणि नवे रहिवासी तक्रार करतात की भटकी कुत्री आली. कालीचा कानाचा कोपरा कापलेला आहे, म्हणजे नसबंदी आणि रेबीजची लस झाल्याची खूण. पाय मोडलेला होता. तो आडवा जुळला, त्यामुळे ती जिना तिरकी उतरते. तिला फॉस्टर म्हणून, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळायला, आणली होती. फॉस्टर म्हणून आणलेल्या कुत्र्यांचं पुढं काय होतं, हे कुत्रेवाल्यांना ठाऊक आहे. फटाक्यांचं तिला काहीच वाटत नाही. बडी बादलीमागे थरथरत असतो तेव्हा ही गॅलरीत बसून आकाशातला बाण टक लावून बघते. पायलिंगच्या घणांखाली आणि ब्रेकरच्या आवाजात जिचं लहानपण गेलं, तिला सुतळी बॉम्बचं काय कौतुक. बंदुकीचा कुत्रा खरं तर तिला म्हणायला हवं.

आत्याबाईंचा जीव तिच्यावर. रात्री लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली की काली एकदाच, खालच्या आवाजात भुंकते. ओळखीची पावलं असली तर तेही नाही. "हिला कळतंय," आत्याबाई म्हणतात. पण खाली उतरलं की लोकांचं उलटं असतं. बडी दिसला की मुलं "बडीशेप, बडीशेप" करत धावत येतात, बायका त्याच्या गळ्यात हात टाकून सेल्फी काढतात. काली दिसली की तीच माणसं मुलाला मागं ओढतात. दोघं एकाच घरातली, एकाच दिवशी लस घेतलेली, एकाच दोरीच्या दोन टोकांना. फरक फक्त कानांचा. एकाचे लोंबते, एकीचे ताठ. ऑगस्ट 2025 मध्ये दिल्लीच्या भटक्या कुत्र्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला आणि अकरा दिवसांत त्यात बदलही झाला, तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर जे काही लिहिलं गेलं ते वाचून मी फोन उपडा ठेवला होता. चावा घेतलेल्या मुलांचे फोटो होते, तेही खोटे नव्हते. मी काही उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कालीला खाली नेताना मात्र तिला लाल पट्टा घातला, त्यावर फोन नंबर असलेला बिल्ला. कुणाची तरी आहे हे लांबून दिसावं म्हणून.

आणि ती कुणाची आहे, हे मला तरी कुठं नीट माहीत आहे? आमच्याजवळच्या एका रस्त्यावर जुनी सिडकोची इमारत पाडून नवी उभी राहते आहे. तिथून जाताना पिवळं हेल्मेट दिसलं की काली चालायची थांबते. शेपूट खाली, पण टोक हलत असतं. एका संध्याकाळी तिथली एक बाई डोक्यावरची पाटी उतरवून बसली होती. तिनं कालीला पाहून बंगालीत काहीतरी म्हटलं, अगदी सहज, आणि आमची मानी काली आडव्या पायानं पळत जाऊन तिच्या मांडीवर लोळली. पोट वर करून. माझ्यासमोर ती पोट वर करत नाही. त्या बाईनं तिला कधी पाहिलेलं नव्हतं, मी विचारलं. फक्त आवाज ओळखीचा असणार, हाताला सिमेंटचा वास असणार. मी पट्टा धरून उभी राहिले. मला आनंद झाला, आणि त्या आनंदात एक बारीक कुसळ होतं. त्या बाईनं पदरातल्या पुड्यातलं बिस्किट दिलं. मी घरी येऊन महागडं चिकन शिजवलं. तिनं खाल्लं, पण पोट वर केलं नाही.

सकाळी आम्ही पामबीचच्या बाजूला जातो. भरतीचं पाणी वस्तीत शिरू नये म्हणून सिडकोनं खोदलेले धारण तलाव तिथं आहेत, आणि त्यात पक्षी. थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत फ्लेमिंगो बघायला मुंबईची माणसं कॅमेरे घेऊन येतात. बडीला फ्लेमिंगोत रस नाही, बहुधा आकारामुळे. पण हळदीकुंकू बदकांची जोडी पाण्यावर उतरली की त्याच्यात काहीतरी होतं. एरवी हा जीव बावळट, सगळ्यांशी हसणारा. त्या क्षणी तोंड मिटतं, मान ताणली जाते, पुढचा पाय किंचित उचलला जातो आणि पट्ट्यातून माझ्या हातापर्यंत एक थरथर येते. ह्यानं आयुष्यात बंदूक पाहिलेली नाही. पाच वर्षं नौपाड्यात काढली, तिथं त्यानं फार तर तलावपाळीची बोटिंगची बदकं पाहिली असतील, प्लॅस्टिकची. त्याला हे कुणी शिकवलं? मी पट्टा घट्ट धरते, कारण बदकांचा काही दोष नाही. कधी सी विंगमधली डॉली सोबत असते, कॉकर स्पॅनियल, पिल्लं काढून काढून थकल्यावर ब्रीडरनं सोडलेली. ती कुंपणाच्या मेंदीत कमरेपर्यंत घुसते आणि बुलबुल भरारून उडतात. दोघांच्या मधलं दाखवायचं, उठवायचं, आणायचं हे सगळं तयार असतं. फक्त साहेब नसतो आणि त्याचं कुणालाच वाईट वाटत नाही.

मग जुलै आला. पावसाळ्यात घराला ओल्या कुत्र्याचा वास लागतो. टॉवेल, सोफा, गादी, माझी ओढणी, सगळीकडे तोच. गोचिडांसाठी रोज रात्री बोटांनी केस चाळायचे, आमटीत एक पिवळा केस सापडला तर तो शांतपणे ताटाच्या कडेला ठेवायचा. त्या दिवशी पाऊस नुकताच थांबला होता. आमच्या रस्त्यावरच्या पर्जन्यवृक्षांवर दर पावसाळ्यात ढोकऱ्यांची घरटी असतात, खालचा फूटपाथ पांढरा होतो आणि गाड्यावाले शिव्या घालतात. आत्याबाई गुडघ्यांसाठी म्हणून सोबत चालत होत्या. बडीनं एकदम झाडाच्या बुंध्यामागे तोंड घातलं आणि बाहेर काढलं तेव्हा त्यात काहीतरी पिसांचं होतं, लांब पाय लोंबणारं. माझ्या पोटात खड्डा पडला. काली दोरीच्या दुसऱ्या टोकाला होती, आणि तिच्या मनात काय आहे याबद्दल शंका नव्हती. तिला मी मागे ओढलं. बडी मात्र माझ्याकडे आला. धावत नाही, चालत. डोकं वर, मान किंचित मागं, इतकं सांभाळून की माझ्याकडे येताना त्यानं डबकं टाळलं, जो कधीही डबकं टाळत नाही. समोर बसला. मी दोन्ही हात पुढे केले आणि त्यानं जबडा उघडला.

ढोकरीचं पिल्लू. जिवंत, संतापलेलं. त्यानं पहिल्यांदा माझ्या मनगटावर चोच मारली आणि मग अर्धवट पचलेला मासा माझ्या तळहातावर ओकला. त्या वासाचं वर्णन मी करणार नाही. आत्याबाईंनी चष्मा सारखा केला, पिल्लू माझ्या हातातून घेतलं, कोंबडी बघावी तसं पंख उलगडून, पोटाखाली, मानेशी, पिसं फुंकून तपासलं. रस्त्यावर रिक्षा थांबली होती, तिचा ड्रायव्हर वाकून बघत होता. "दात लागला न्हाई," त्या म्हणाल्या. पुन्हा पिसं फुंकली. "कुठंच लागला न्हाई." त्यांनी बडीकडे पाहिलं. तो जीभ बाहेर काढून बसला होता आणि पिल्लाकडे नाही, माझ्या रिकाम्या हातांकडे बघत होता. अजून आणू का, असं. पिल्लाला खोक्यात घालून घरी आणलं, पक्ष्यांचं काम करणारी एक मुलगी तासाभरात स्कूटरवर येऊन घेऊन गेली. दिवसभर बडी त्या खोक्याच्या जागेवर पहारा देत झोपला. आत्याबाईंनी संध्याकाळी जतला फोन लावला आणि भावाला पहिलंच वाक्य ऐकवलं, "अरं, आपल्या राजानं खाल्लं असतं."

मी हे सगळं काकांना सांगितलं. ते महिन्यातून एखाद्या रविवारी ठाण्याहून ट्रान्स हार्बरनं नेरूळला येतात. सोबत पार्ले-जीचा छोटा पुडा, यादीतल्या कुठल्या कलमाखाली तो बसतो हे मी विचारत नाही. पहिल्या वेळी मला भीती वाटली होती की बडी त्यांच्यामागे निघेल. तो त्यांच्या अंगावर पडला, रडल्यासारखे आवाज काढले, घरभर फिरून सगळ्यात चांगली चप्पल, म्हणजे माझी, त्यांना आणून दिली. निघताना काका दारात म्हणाले, "येतो हां." बडी ते ऐकून निवांत जाऊन पंख्याखाली पडला. येतो म्हणाले, म्हणजे येणार. काकांना लिफ्ट येईपर्यंत चष्मा पुसायचा होता.

आता त्यांच्या नव्या घराची चावी मिळाली आहे. त्यांचा फोन आला तेव्हा मी गॅलरीत होते आणि पहिल्यांदा घरात बघितलं, बडी कुठं आहे ते. ते बाल्कनीचं, मॉड्युलर किचनचं, नळाला चोवीस तास पाणी असल्याचं सांगत राहिले. मग म्हणाले, "सतरावा मजला आहे ताई. त्याला दिवसातून तीनदा खाली न्यायचं मला आता जमायचं नाही. तुमच्याकडेच बरा आहे तो." मी काहीतरी म्हणाले. "पण गणपतीला आणा. दोघांनाही आणा. नव्या सोसायटीचं मी बघतो, नियम मी वाचलेत."

तर येत्या गणपतीत आम्ही नौपाड्याला जाणार आहोत. गाडीत कोण कुठं बसणार यावर घरात चर्चा सुरू आहे. बडीला खिडकी लागते, कालीला गाडी लागते, नवऱ्याला दोघांचे केस सीटवर नको आहेत. आत्याबाईंनी परस्पर जाहीर केलं की त्यासुद्धा येणार. "कुत्र्याची कलमं लिवून देनारा मानूस बघायचाय मला." त्या फ्रिजपाशी गेल्या, यादी पुन्हा वाचली. अक्षर ओळखीचं झालंय त्यांना. बोट शेवटच्या ओळीवर थांबलं. "मोदक एकच?" मी म्हटलं, एकच, आणि तोही अपवाद म्हणून. "त्यो त्यांच्या घरचा," आत्याबाई म्हणाल्या. "आपल्या घरचा येगळा."